भुताच्या शोधात आमच्या गावी येणाऱ्या सिनेमावाल्यांना खुले पत्र

प्रति,
दुर्गम खेड्यावर भयपट लिहिणारे, काढणारे, त्यात पैसा घालणारे आणि त्यासाठी लोकेशन धुंडाळत फिरणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

सध्या तुम्हा मंडळींना विदर्भ फार आठवू लागला आहे. 'डार्क फँटसी हॉरर थ्रिलर' हे लांबलचक नाव आमच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत येऊन पोचले. कुणाला जंगलाला खेटून असलेले खेडे हवे असते, कुणाला पडका वाडा, कुणाला वैनगंगेच्या काठचे काळ्या दगडाचे देऊळ. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. धान निघाले की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर लाइट सांभाळतो, बाकी वर्षभर शेती. त्यामुळे अशी गाडी गावात शिरली की 'भाऊ, तुमी नाटकवाले ना, जरा यायले फिरवून आना' म्हणत गावकरी पाहुण्यांना माझ्या गळ्यात घालतात. मीही फिरवतो. सिनेमा मला आवडतो आणि भयपट तर सगळ्यात जास्त. तेव्हा हे पत्र बंदीची मागणी करणारे नाही, भावना दुखावल्याचेही नाही. तुमच्या गोष्टीतले भूत दर वेळी चुकीच्या घरी राहायला जाते, एवढी माझी तक्रार आहे आणि ती जरा सविस्तर सांगायची आहे.

गाडीच्या आधी मोबाइलवर यादी येते. पडका वाडा. विहीर, शक्यतो कोरडी. पारंब्या लोंबणारा वड. स्मशान, नदीकाठी असल्यास उत्तम. आणि सगळ्यात खाली: म्हातारी, सुरकुत्या भरपूर, केस पांढरे आणि लांब. यादी कुणाचीही असो, शेवटची ओळ ठरलेली. म्हातारा अजून कुणी मागितलेला नाही.

अशाच एका यादीसोबत आलेला सहायक पोरगा तसा गुणी होता. बूट बाहेर काढून घरात यायचा, भाजी मागून घ्यायचा, माझ्या आईशी तासन्‌तास बोलत बसायचा. त्याला गावाच्या टोकाला एकटी राहणारी एक आजी दिसली. आजी अंगणात मोहफुले पसरत होती. त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "आजी, पदर जरा खाली घ्या ना. आणि केस मोकळे सोडा."

आजीने हात लुगड्याला पुसले. "काहून जी? केस काहून सोडू?"

"सिनेमासाठी. सरांना फोटो दाखवायचाय."

"सिनेमात मी कोन आहो?"

पोराने माझ्याकडे पाहिले. मी मोहफुलांकडे पाहिले. शेवटी तोच म्हणाला, "म्हणजे, तुमच्याकडे एक शक्ती असते, असं आहे ते."

"जादूवाली," आजी म्हणाली. विचारले नाही तिने, सांगितले. "नाही बाप्पा. तुमी फोटो काढून जासान. उद्या कोनाचा लेकरू तापला, कोनाची गाय आटली, त माज्याच दारावर येतीन." टोपले उचलून ती आत गेली आणि दार लोटून घेतले.

म्हातारी उगाच घाबरते असे त्या पोराला वाटले. तुम्हालाही वाटेल, म्हणून सांगतो. मे 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा गावी, जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष अशा दोघांना गावातल्याच लोकांनी जिवंत जाळले. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना खांबाला बांधून मारले, त्यात म्हातारी माणसे होती. 2024 संपता संपता मेळघाटातल्या रेट्याखेड्यात सत्तरी ओलांडलेल्या बाईला मारहाण करून तिची धिंड काढली. ही सगळी नावे मी वर्तमानपत्रात वाचली आणि ती तुमच्याही वाचनात येऊन गेली असतील. ज्या गावांची नावे पेपरात येत नाहीत तिथे हे इतक्या थराला जात नाही. तिथे फक्त एखादीच्या हातचे पाणी बंद होते, लग्नात तिला हळदीला बोलवत नाहीत, तिच्या अंगणावरून जाताना आया पोरांचा हात घट्ट धरतात. आमच्या आजीला हेच माहीत आहे, कारण तिने ते आपल्या सासूच्या वेळी पाहिले आहे.

राज्यात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असा संशय तिच्याविषयी पसरवणे हा गुन्हा. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, शिवाय दंड. दूध आटवण्याचा उल्लेख कायद्यात थेट आहे, हे वाचले तेव्हा मला त्या अंगणातले बोलणे आठवले. कायदा लिहिणाऱ्यांना खेडे माहीत होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे खऱ्या बाईचे नाव घेतो? सिनेमाच्या सुरुवातीला पाटी लावतो की, आम्ही अंधश्रद्धेचे समर्थन करत नाही, सर्व पात्रे काल्पनिक आहेत. लावता, खरे आहे. पण तुमचा सिनेमा आमच्याकडे पोचतो कसा, ते एकदा पाहा. तालुक्याची टॉकीज कधीच बंद पडली. गावात सिनेमा येतो तो मोबाइलवर, आणि तोही सबंध येत नाही. कुणीतरी त्यातले अर्धे मिनिट कापून ग्रुपवर टाकते. त्या अर्ध्या मिनिटात पाटी नसते. शेवटी म्हातारी निर्दोष निघते तो तुमचा हुशार 'ट्विस्ट'ही नसतो. असते ती फक्त पांढऱ्या केसांची बाई, पाळण्यावर वाकलेली. तुम्ही दोन तास खपून त्या बाईला शेवटी न्याय दिला असेल, आमच्या चावडीवर तो पोचत नाही.

आणि कधी कधी सिनेमा येण्याची वाटही पाहावी लागत नाही. आमच्या पलीकडच्या एका गावात एका युनिटने ओढ्याकाठच्या झाडाला काळ्या बाहुल्या टांगल्या, टाचण्या टोचलेली लिंबे पेरली, दगडांना शेंदूर फासला. दोन रात्री काम चालले. नंतर सामान गाडीत भरले, बाहुल्या तशाच राहिल्या. बहुधा कुणाच्या यादीत 'उतरवणे' हे काम नव्हते. ज्यांनी शूटिंग पाहिले त्यांना ठाऊक होते ते काय आहे. पण ओढ्याच्या त्या बाजूला चारायला येणारे गुराखी दुसऱ्या गावचे. त्यांनी जाऊन घरी सांगितले. मग कुणी केले, कुणावर केले, अमावस्या कधी आहे, अशी चौकशी सुरू झाली आणि फिरत फिरत एका परिटिणीच्या दारापर्यंत आली, कारण ती ओढ्यावर रोज जाते. पोलीस पाटील शहाणा होता. तो चार पोरांना घेऊन गेला, भर दुपारी सगळ्यांसमोर बाहुल्या काढल्या आणि त्यातल्या एकीच्या पाठीवरची दुकानाची चिठ्ठी दाखवली, किमतीसकट. चिठ्ठी नसती तर?

मग काय, खेड्यावर भयपट काढायचाच नाही का? काढा ना! आमच्याकडे भीतीला तोटा नाही, आणि अजून कुणी तिला हात लावलेला नाही याचेच मला नवल वाटते.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. आकाशातून दगड पडून बेसाल्टमध्ये झालेले सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर. ही विज्ञानाची गोष्ट. लोक सांगतात ती दुसरी. तिथे जमिनीखाली लवणासुर दडून राहत असे, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि त्यातले मीठ म्हणजे त्याचे मांस. गावात दैत्यसूदनाचे देऊळ आजही उभे आहे. आणि जून 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसलेले असताना, ते पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाले असे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले, आणि ते बरोबरच आहे. पण हे तुमच्यापैकी कुणी पटकथेत लिहिले असते तर निर्मात्याने 'फार होतंय' म्हणून खोडले असते.

नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळे आहेत, सुमारे 300. लोखंड नुकते हाती आलेल्या काळातल्या माणसांनी आपली माणसे पुरली आणि भोवती दगड रचले. जवळच्याच माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, डोक्यावरच्या तांब्याच्या साजासकट. तुम्ही मात्र थर्मोकोलचे थडगे घेऊन येता.

ताडोबाचे नाव ज्याच्यावरून पडले तो तारू हा गोंड गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे, पौषात जत्रेला माणसे येतात. वाघाला मारणारा नव्हे, वाघाकडून मेलेला माणूस जिथे देव होतो, त्या गावाचे मन कसे असेल? हा प्रश्न घेऊन कुणी कॅमेरा लावलेला मी पाहिलेला नाही. शिवाय आपला चकवा आहेच. ओळखीच्या बांधावरून निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर पाहतो तर त्याच बांधावर उभा. त्याला ना दात लागतात ना व्हीएफएक्स. पायवाट लागते आणि धीर लागतो.

पण मला स्वतःला कुणी विचारले तर मी मारबत घेईन. नागपूरची मारबत तुम्ही पाहिली असेल. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, लाखोंची गर्दी, सोबत राजकारण्यांचे बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे, सगळे हसत-खिदळत चाललेले. आमच्या खेड्यातली वेगळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अजून पुरते फटफटले नसताना, माणसे घराघरातून काहीबाही काढतात. फुटका सूप, झिजलेला झाडू, आजाऱ्याच्या अंगावरचे फडके. पुतळा तयार असतो, बाईचा. तो उचलायचा आणि ओरडत शिवेकडे पळायचे: "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा. शिवेपलीकडे टाकायची, जाळायची आणि परत यायचे.

लहानपणापासून मला एकच प्रश्न पडतो. आम्ही आमची पीडा शिवेपलीकडे टाकली म्हणजे ती पलीकडच्या गावाच्या हद्दीत पडली. त्याच पहाटे त्या गावाने आपली, आणि आमचीही, आणखी पुढे ढकलली. त्याच्या पुढच्याने त्याच्या पुढे. असे करत करत जे अगदी शेवटचे गाव, ज्याच्यापलीकडे गाव नाही, रस्ता नाही, नुसते जंगल, त्याने काय करायचे? तालुक्याचा सगळा खोकला, सगळा ताप, सगळे मेलेले बैल दरवर्षी त्याच्या शिवेवर येऊन साचतात. हे झाले तुमचे दुर्गम गाव. एसटी जात नाही म्हणून दुर्गम नव्हे. सगळ्यांनी मिळून त्याला तसे केले आहे.

आता त्या गावात एक वर्ष असे येऊ द्या की पीडा जात नाही. मारबत जाळली, तरी लेकरे तापातच. पुन्हा जाळली, तरीही. मग सभेत कुणीतरी, अगदी साध्या आवाजात, म्हणते की पुतळा काही ऐकत नाही. एवढेच. पुढचे वाक्य कुणी बोलत नाही, पण सगळ्यांची मान गावाच्या एका टोकाकडे वळते. तिथे एक घर आहे.

भूत इथे आहे, मंडळी. ते त्या घरात नाही. सभेत बसलेल्या चाळीस माणसांत आहे, आणि त्यातला एकही माणूस वाईट नाही. कुणी कालच तिच्या घरून विरजण आणले असेल. जंगलातून काय यायचे ते येऊ द्या, तुमची डार्क फँटसी तुम्ही हवी तेवढी रंगवा, शिवेवर साचलेल्या पीडेला हात-पाय-डोळे द्या, मी तिकीट काढून बघेन. फक्त त्या सभेच्या वेळी कॅमेरा म्हातारीवर ठेवू नका. आमच्याकडे वळवा. बारसेवाड्याला काय झाले असेल याचा मी विचार करतो तेव्हा मला आग दिसत नाही. त्याच्या आदल्या रात्री कोण कुणाच्या घरी जाऊन काय बोलले असेल, ते ऐकू येते.

तुमच्या नायकाविषयीही बोलायचे आहे. तो नेहमी शहरातून येतो. डॉक्टर, पत्रकार, नाहीतर आजोबांची जमीन विकायला आलेला नातू. गाव अडाणी, तो शहाणा. अहो, ज्या मातीत गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारून बोकडबळी बंद करवत राहिले, जिथे तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली, तिथे शहाणपण नागपूरच्या विमानाने यावे लागते का? संशयाच्या वेळी मध्ये पडणारा माणूस बहुतेक गावातलाच असतो. पोलीस पाटील, मास्तर, कधी एखादी आशाताई. तिचाच विचार करा. अर्ध्या रात्री बाळंतपणाला निरोप आला की ती टॉर्च घेऊन एकटी निघते. तिला प्रत्येक घराचे आतले माहीत, कुणाच्या घरी कोण आजारी, कुणी औषध न घेता भगताकडे नेले ते माहीत. ती भीत नाही असेही नाही. भीत भीत जाते. भयपटाला याहून चांगली नायिका मला सुचत नाही.

थोडे अंधाराविषयी बोलतो, ते माझे काम आहे. तुमच्या सिनेमातली आमची रात्र निळी असते. कुठून तरी चंद्र असा पडतो की झाडाचे पान न्‌ पान मोजावे. प्रत्यक्षात आमची रात्र आवाजांची असते. शेतीला वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. बॅटरीच्या गोल उजेडाबाहेर काहीही दिसत नाही, आणि त्या गोलात साप आला तर दिसतो, बाजूला असला तर नाही. तो चालताना मुद्दाम खाकरतो, काठी आपटतो. रानडुकरांच्या राखणीला जागलीवर बसलेला दुसरा कुणीतरी लांबून हाळी देतो. ती हाळी आली की बरे वाटते. एखाद्या रात्री ती येत नाही.

झाडीपट्टीत नाटक रात्री दहाच्या पुढे उभे राहते ते उजाडेपर्यंत. हजारभर माणसे ब्लँकेटात गुंडाळून जमिनीवर बसलेली. पहाटे तीनला त्यांना जागे ठेवायचे तर दचकवून भागत नाही, दचकलेला माणूस हसतो आणि पुन्हा पेंगतो. मी काय करतो, सांगू? सावकार दार वाजवून गेला आहे, घरात बाई एकटी आहे, अशा प्रवेशात मी डिमर इतका हळू ओढतो की उजेड कमी होतोय हे कुणाला कळत नाही. कळते ते मानांना. पहिली रांग पुढे झुकते, मग दुसरी. लेकरू रडायचे थांबते. रंगमंचावर काहीच झालेले नसते. तुमच्या सिनेमात मात्र दर चार मिनिटांनी कानाजवळ पत्रा पडल्यासारखा आवाज होतो. पैसे असले की माणसाला आवाज वाढवावासा वाटतो, हे मी आमच्या पेंडॉलवाल्यांतही पाहिले आहे.

बाकी किरकोळ. आमच्याकडचे भूत कोल्हापुरी का बोलते? गडचिरोलीच्या जंगलात मेलेल्या माणसाने 'काय रं' म्हणावे, याला काही आधार? झाडीबोली बोलणारे नट आमच्याकडे ढिगाने आहेत, रात्रभर घसा फोडतात. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरे, रेला. ते गोंड-माडियांचे नाचाचे गाणे. त्यावर लग्ने लागतात, पोरेपोरी रात्र जागवतात. तुमच्याकडे ते नरबळीच्या प्रसंगाला वाजते. ज्यांचे गाणे आहे त्यांना सिनेमा दाखवायची वेळ आली तर तुम्ही त्यांच्याकडे बघू शकाल का, एवढेच बघा. तिसरे, घुबड. प्रत्येक मरणाआधी घुबड दाखवायलाच हवे असे नाही. रानपिंगळा नावाचे आपले छोटे घुबड नामशेष झाले असेच सगळे धरून चालले होते. ते 113 वर्षांनी, 1997 मध्ये, शहाद्याजवळ पुन्हा दिसले. मेळघाट हे आज त्याच्या मोजक्या घरांपैकी एक आहे. अमावस्येला घुबडे मारणारे लोक अजून आहेत, त्यांना तुमची मदत नको.

तर, या. पण काही गोष्टी ठरवून या. गावाचे आणि देवाच्या ठाण्याचे खरे नाव गोष्टीत ठेवू नका. मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, दगडाला तुमचा शेंदूर लावू नका, हवा तर दुसरा दगड मांडा आणि जाताना घेऊन जा. सामानाची यादी कराल तशी उतरवायच्या सामानाचीही करा आणि ती पोलीस पाटलाला देऊन जा. चेटकीण लागतच असेल तर नटी आणा. ती गाडीत बसून आपल्या गावी परत जाते. गावातली बाई कॅमेऱ्यापुढे घ्यायची असेल तर तिला आधी सबंध गोष्ट सांगा, शेवटासकट, आणि ती सांगताना तिच्या घरचे आणि शेजारचे समोर असू द्या. पैसे तिच्या हातात द्या, मध्यस्थाच्या नको. माझ्याही नको.

आणि तारखा विचारून ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच मोह वेचायला निघतात, मेमध्ये तेंदूपत्ता. तेव्हा गर्दीच्या प्रसंगाला माणसे मागू नका, वर्षाची कमाई त्या दिवसांत होते आणि ती फुकटात होत नाही. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या दिवसांत जंगलाच्या कडेला रात्रभर जनरेटर लावून माणसे उभी करणे वन विभागाच्या परवानगीने होत असले तरी करू नका. पावसाळ्यात रोवणी. मोकळा वेळ म्हणजे धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारी. थंडी कडक असते, तोंडातून वाफ निघते, तुमच्या कॅमेऱ्याला आवडेल. फक्त त्यातही आजूबाजूच्या गावात मंडई (आमच्याकडची जत्रा) कधी आहे, शंकरपट (बैलांची शर्यत) कधी आहे, वडशाची कुठली नाटक कंपनी नाटक घेऊन कुठे येतेय, ते आधी विचारा. त्या रात्री तुम्हाला गर्दीला माणूस मिळणार नाही. लाइटवालाही नाही.

आपला,
झाडीपट्टीच्या नाटकांतला एक लाइटवाला,
तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर